संग्रहालयाचे ऋण

इ. स. १८८३ च्या सप्टेंबर महिन्याची १५ तारीख. त्या दिवशी मुंबईत भायखळा येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आठ गृहस्थ एकत्र जमले. हेच संग्रहालय आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. त्या आठांपैकी सहाजण युरोपीय होते. उरलेले दोघे म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन. त्यांच्यापैकी कोणास फुलपाखरांचा नाद होता, कोणास झाडाझुडपांचा, तर कोणास पाखरांचा. आपापले नमुने एकमेकांस दाखवावेत, टिपणे पडताळून पाहावीत आणि या देशातील प्राणी व वनस्पती यांचा पद्धतशीर अभ्यास व्हावा, एवढ्या साध्या हेतूने त्यांनी एक संस्था स्थापन केली. तीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी.

या संस्थेजवळ राजाचा खजिना नव्हता. सभासदांची वर्गणी आणि निसर्गप्रेमी लोकांनी हौसेने पाठविलेले नमुने, एवढीच तिची पुंजी. पुढे कोट भागातील अपोलो स्ट्रीटवर एका व्यापारी पेढीच्या जागेत तिला आसरा मिळाला आणि तेथे तिचा संग्रह हळूहळू वाढू लागला. या संग्रहाने एका मुलाचे आयुष्य घडविले, आणि त्या मुलाने मोठेपणी हा संग्रह व ही संस्था जिवापाड जपली. तो मुलगा म्हणजे जगद्विख्यात पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली.

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबई येथे एका बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे होतात न होतात तोच वडील वारले आणि तिसऱ्या वर्षी आईही गेली. पोरक्या झालेल्या या मुलास त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी पोटच्या मुलाप्रमाणे सांभाळले. खेतवाडीतील त्या भरल्या घरात सालिम यांचे बालपण सुखात गेले.

मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी भाच्यास एक छऱ्यांची बंदूक दिली होती. सालिम दहाबारा वर्षांचे असताना एके दिवशी त्यांनी या बंदुकीने एक चिमणी टिपली. हातात घेऊन पाहतात तो ती नेहमीची चिमणी नव्हे. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असा त्यांस प्रश्न पडला. मामांनाही उत्तर देता येईना. परंतु मामा नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्यास ती चिमणी देऊन संस्थेचे मानद चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठविले.

एवढ्या मोठ्या गोऱ्या साहेबापुढे जाताना मुलाच्या छातीत धडधडत होते. पण मिलार्ड यांनी त्यास हसून जवळ घेतले. चिमणी पाहताच ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे, असे त्यांनी ओळखले. एवढे सांगून त्यांनी मुलास परत पाठविले असते, तर गोष्ट तेथेच संपली असती. परंतु त्यांनी उठून संग्रहाची कपाटे उघडली. एकामागून एक खण बाहेर येऊ लागला. प्रत्येक खणात पेंढा भरलेले पक्षी ओळीने ठेवलेले होते. कोणी हिरवे, कोणी निळे, कोणी मातकट. त्यांत रानचिमण्याही होत्या. आपल्या देशात एवढ्या तऱ्हांचे पक्षी आहेत, हे त्या मुलास त्या दिवशी प्रथमच कळले. मिलार्ड यांनी त्यास पक्ष्यांविषयीची पुस्तके वाचावयास दिली आणि संग्रहाचे व्यवस्थापक किनिअर यांची ओळख करून दिली. पुढे सालिम तेथे वरचेवर जाऊ लागले आणि पक्ष्याचा नमुना कसा तयार करावा व जपावा हेही शिकले.

मुलांनो, असा नमुना म्हणजे केवळ शोभेची वस्तू नव्हे. पक्ष्याचे कातडे पिसांसह अलगद सोडवून घेतात, त्यास आतून औषध लावतात आणि कापूस भरून ते शिवतात. त्यानंतर सर्वांत महत्त्वाचे काम असते. पक्ष्याच्या पायास एक चिठ्ठी बांधतात आणि तिच्यावर तो कोठे मिळाला, कोणत्या तारखेस मिळाला, नर की मादी, हे सारे लिहून ठेवतात. चिठ्ठी हरवली तर नमुन्याचे मोल जवळजवळ नाहीसे होते. चिठ्ठी असेल तर शंभर वर्षांनंतरही तो मुका पक्षी आपली हकीकत सांगू शकतो.

शाळेच्या अभ्यासात मात्र सालिम यांचे मन रमत नसे. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. पुढे कौटुंबिक व्यवसायासाठी त्यांस ब्रह्मदेशात तव्हॉय येथे पाठविण्यात आले. तेथे खाणीच्या आणि लाकडाच्या व्यापारापेक्षा भोवतालच्या घनदाट अरण्यातील पाखरांकडेच त्यांचे लक्ष अधिक असे. व्यापार काही फळला नाही. १९१७ साली ते मुंबईस परतले. त्यांनी व्यापारी शिक्षणाचा अभ्यासक्रम धरला खरा. पण सेंट झेविअर महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांनी या तरुणाचा खरा कल ओळखून त्यांस प्राणिशास्त्राकडे वळविले. १९१८ साली तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिविज्ञान खात्यातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांस मिळू शकली नाही. अखेर १९२६ साली संग्रहालयानेच त्यांस हात दिला. मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम १९२२ साली सुरू झाले होते. आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ते हेच. त्यात नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातून निसर्गविभाग उभारण्यात आला होता. तेथे येणाऱ्या विद्यार्थ्यांस व प्रेक्षकांस प्राण्यांची माहिती सांगण्यासाठी मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा निघाली आणि तीवर सालिम यांची नेमणूक झाली. ज्या संग्रहाने लहानपणी त्यांचे डोळे उघडले, तोच संग्रह इतर मुलांस उलगडून दाखविण्याचे काम आता त्यांच्याकडे आले.

परंतु दुसऱ्यास शिकवावयाचे तर आपले ज्ञान पक्के हवे, ही जाणीव त्यांस स्वस्थ बसू देईना. १९२८ साली रजा घेऊन ते जर्मनीस गेले. बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात प्रोफेसर एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी शास्त्रशुद्ध अभ्यास केला. श्ट्रेझेमान यांना सालिम यांनी शेवटपर्यंत गुरू मानले.

१९३० साली ते मोठ्या उमेदीने परतले. येऊन पाहतात तो त्यांची जागाच रद्द झालेली! पैसे नाहीत, या कारणास्तव मार्गदर्शक व्याख्यात्याचे पदच काढून टाकण्यात आले होते. संग्रहालयातील कपाटे, खण आणि पक्षी जागच्या जागी होते; पण ते समजावून सांगणारा मनुष्य ठेवण्याची ऐपत उरली नव्हती. ज्ञानाची संस्था पैशावाचून कशी पांगळी होते, याचा अनुभव सालिम यांस असा आला.

हाताशी नोकरी नाही आणि मुंबईत राहणे खर्चाचे. तेव्हा पतिपत्नी अलिबागजवळ किहीम या समुद्रकाठच्या लहानशा गावी राहावयास गेली. दुसरा कोणी असता तर दैवास बोल लावीत बसला असता. सालिम यांनी दुर्बीण आणि वही उचलली. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. त्या पावसाळ्यात ते रोज तासन् तास एकाच जागी बसून त्या पाखरांचे व्यवहार टिपू लागले.

सुगरण हे नाव उच्चारताच घर सजविणारी कुशल गृहिणी आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु सालिम यांस दिसले ते असे, की झाडाला टांगलेला तो सुंदर खोपा नर विणतो. गवताच्या आणि पानांच्या चिरफळ्या आणून तो अर्धेमुर्धे घरटे तयार करतो. मग माद्या येतात, घरटी पारखतात आणि पसंत पडलेले घरटे निवडतात. घरटे पसंत पडले की नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे घरटे विणावयास घेतो. अंडी उबविण्याचे काम मात्र मादीचे. हे निरीक्षण प्रसिद्ध होताच पक्षिशास्त्राच्या जगात सालिम अली हे नाव आदराने घेतले जाऊ लागले.

यानंतर त्यांनी एक धाडसी निश्चय केला. देशातील अनेक भागांत कोणते पक्षी आढळतात, याची नीट पाहणी त्या काळी झालेली नव्हती. संस्थानिकांनी केवळ प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च द्यावा, आपण वेतनावाचून पाहणी करू, असे त्यांनी सुचविले. नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने ही योजना आकारास आली. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर अशा संस्थानांतून ते बैलगाडीने, उंटावरून, तर कधी पायी हिंडले. तेहमिनाबाई तळावरील सर्व व्यवस्था पाहत आणि पतीचे लेखन वाचून सुधारणाही सुचवीत. गोळा झालेले नमुने चिठ्ठ्यांसह मुंबईच्या संग्रहात जमा होत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिनाबाई अकस्मात वारल्या. सालिम यांच्या मनावर हा मोठाच आघात होता. तथापि त्यांनी काम सोडले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले आणि त्यामुळे सामान्य वाचकही पाखरे ओळखू लागला.

येथे कोणाच्या मनात सहज एक शंका येईल. पक्ष्यांवर प्रेम करणारा मनुष्य अभ्यासासाठी का होईना, त्यांस मारतो कसा? ही शंका योग्यच आहे. सालिम अली यांनी आपल्या हयातीत अनेक पक्षी टिपले, ही गोष्ट खरी. त्या काळी पक्ष्याची निश्चित ओळख पटविण्यास दुसरे साधन जवळजवळ नव्हते. मात्र मौजेखातर केलेली कत्तल त्यांस मान्य नव्हती. अभ्यासासाठी घेतलेला प्रत्येक नमुना त्याच्या जातीच्या हजारो जिवंत पक्ष्यांच्या उपयोगी पडावा, ही त्यांची दृष्टी होती.

संग्रहातील नमुने जिवंत पक्ष्यांच्या उपयोगी कसे पडतात, याचे एक उदाहरण इंग्लंडातील आहे. तेथे बहिरी ससाण्यांची संख्या एकाएकी घटली. त्यांची अंडी घरट्यातच फुटू लागली होती. तेव्हा डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने संग्रहालयांत व संग्राहकांपाशी जपून ठेवलेली जुनी अंडी तपासली आणि १९६७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९४७ च्या सुमारापासून अंड्यांची कवचे पातळ होत गेली आहेत, असे त्यांस आढळले. याच सुमारास डी.डी.टी. या कीटकनाशकाचा वापर वाढला होता, आणि कवच पातळ होण्यास तेच कारणीभूत आहे, असे पुढे सिद्ध झाले. कोणी एके काळी तारीख घालून ठेवलेली अंडी नसती, तर हा पुरावा कोठून मिळाला असता?

संग्रहालयाचे आणखीही एक काम आहे, आणि ते मनास चटका लावणारे आहे. हिमालयात एक डोंगरी लावा होता. १८७६ नंतर तो खात्रीने कोणास दिसलेला नाही. सालिम अली यांनीही त्याचा शोध केला, पण तो सापडला नाही. आज या पक्ष्याचे मोजके नमुने तेवढे संग्रहालयांत उरले आहेत. ते पाहिले की, एखादी जात हातची जाते म्हणजे काय, हे कळते.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. अनेक इंग्रज सभासद मायदेशी परतले आणि नॅचरल हिस्टरी सोसायटीचा आधार कमी झाला. जागा अपुरी, पैसा तुटपुंजा, आणि नमुने तर नेहमी जपावे लागतात. काळजी घेतली नाही, तर कसर आणि बुरशी थोड्याच वर्षांत शेकडो पक्षी नष्ट करतात. अशा वेळी सालिम अली यांनी संस्थेची धुरा खांद्यावर घेतली. त्यांनी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांस पत्र लिहून मदतीची विनंती केली. नेहरू स्वतः निसर्गाचे प्रेमी होते. सरकारी साहाय्य मिळाले आणि संस्था तरली. तिला पुढे वस्तुसंग्रहालयाच्या शेजारी हॉर्नबिल हाऊस ही स्वतःची वास्तू लाभली. मुंबई विद्यापीठाची मान्यता मिळून तेथे पक्षिशास्त्रातील तरुण संशोधक तयार होऊ लागले.

आता अभ्यासाची रीतही पालटली. पक्षी जाळ्यात धरावा, त्याच्या पायात क्रमांक कोरलेले हलके कडे अडकवावे आणि त्यास पुन्हा मोकळे सोडावे, असा उपक्रम सालिम अली यांच्या पुढाकाराने मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. त्या कड्यावर मुंबईच्या संस्थेस कळविण्याची विनंती कोरलेली असे. भारतात कडे घातलेली पाखरे दूर सैबेरियात सापडली आणि त्यांच्या प्रवासाचे मार्ग उलगडू लागले.

या ज्ञानाचा उपयोग पक्ष्यांच्या रक्षणासाठी झाला. राजस्थानात भरतपूर येथे केवलादेव नावाची पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात तेथे दूरदेशीची असंख्य पाखरे उतरतात. संस्थानी काळात तेथे मोठमोठ्या शिकारी होत. १९३८ साली तर एकाच दिवशी चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर हे पाणी काढून जमीन लागवडीस आणावी, अशी मागणी पुढे आली. भोवतालच्या शेतकऱ्यांची गरज खोटी नव्हती. तथापि ही जागा गेली तर हजारो मैलांवरून येणाऱ्या पाखरांस दुसरा आसरा नाही, हे सालिम अली यांनी नेहरूंस पटवून दिले आणि ती वाचली. १९८५ साली तिची गणना जागतिक वारशात झाली. केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणाखाली जाऊ नये, यासाठीही त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. १९८४ साली ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.

वय वाढले तरी त्यांची लेखणी थांबली नाही. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्या साहाय्याने त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा महाग्रंथ लिहिला. १९६८ ते १९७४ या काळात तो प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांची सत्तरी उलटून गेली होती. मानसन्मान आपोआप चालत आले. १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण या पदव्यांनी राष्ट्राने त्यांचा गौरव केला. ज्यांच्यापाशी स्वतःची पदवी नव्हती, त्यांस विद्यापीठांनी सन्मानपूर्वक डॉक्टरेट दिली. १९८५ साली ते राज्यसभेचे सदस्य झाले.

या सन्मानांत जे. पॉल गेटी यांच्या नावाचे वन्यजीव संरक्षणाचे आंतरराष्ट्रीय पारितोषिकही होते. त्याची रक्कम फार मोठी होती. सालिम अली तेव्हा वृद्ध झाले होते. ती रक्कम घेऊन त्यांस सुखाने राहता आले असते. त्यांनी तसे केले नाही. त्या पैशातून त्यांनी निसर्गसंवर्धनासाठी एक निधी उभारला. पैशाअभावी स्वतःची नोकरी गेलेली त्यांनी पाहिली होती; पैशाअभावी संस्था बुडावयाची वेळ आलेलीही पाहिली होती. म्हणून पुढच्या पिढीचे काम पैशावाचून अडू नये, ही तजवीज त्यांनी आपल्या हातून करून ठेवली.

१९८७ साली, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी वाढविलेल्या संग्रहात आज एक लाखाहून अधिक नमुने आहेत आणि देशोदेशीचे अभ्यासक ते पाहावयास येतात. गोरेगाव येथील संस्थेच्या केंद्रात शाळेतील मुले झाडे, फुलपाखरे आणि पक्षी यांची ओळख करून घेतात.

संग्रहालय कपाटांनी व भिंतींनी उभे राहत असले, तरी त्यावर जगत नाही. दूरच्या रानातून चिठ्ठी बांधून नमुना धाडणारा वनाधिकारी, कसरीपासून तो जपणारा सेवक, शंका घेऊन आलेल्या मुलापुढे खण उघडणारा चिटणीस, वर्गणी देणारा सभासद आणि आपली मिळकत अर्पण करणारा शास्त्रज्ञ, या सर्वांच्या हातभारावर ते जगते. हा हातभार लावण्यास धनवानच असावे लागते असे नाही. आपल्या अंगणात आलेला पक्षी लक्षपूर्वक पाहून त्याची तारीख, जागा व वागणूक जो वहीत खरेपणाने टिपून ठेवतो, तोही या मोठ्या कार्यात आपला वाटा उचलतो. सालिम अली यांचे जीवन आपणांस हेच शिकविते, की ज्ञान मिळाले की त्याचे ऋण होते, आणि ते पुढच्यास ज्ञान देऊनच फेडावयाचे असते.